कट्ट्याची उंची

आमचं बालपण शिवडीत गेलं, म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हाक समुद्राने मारायची. ओ द्यायची सोय आम्हाला नव्हती. एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता बंदरातली जहाजं भोंगे वाजवत, तेव्हा आजी अर्धवट झोपेत म्हणायची, "आहे हो अजून समुद्र." बाकी वर्षभर मध्ये गोदामं, ट्रक आणि बंदराची उंच भिंत. हिवाळ्यात फ्लेमिंगो येऊन खुशाल चिखलात उतरत. त्यांना पास लागत नसे. आम्ही मात्र वडील "चला, समुद्र बघायला" म्हणाले की घरच्या समुद्राकडे पाठ फिरवून, बस पकडून, थेट गिरगाव चौपाटी गाठायचो. शेजारी लग्न असताना जेवायला डोंबिवलीला जावं, तसं.

पुढे मरीन ड्राइव्हवर बसायला लागलो तेव्हा कळलं की भिंत आणि कट्टा यांच्यात फरक फक्त दोन-अडीच हातांचा असतो. उंच बांधली की 'प्रवेश बंद', बुटकी ठेवली की तिच्यावर लग्नं ठरतात, मोडतात आणि शेंगदाण्याच्या पुड्या संपतात. समोरच्या आर्ट डेको इमारती 2018 साली जागतिक वारशात गेल्या. त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्यांना याचा पत्ताही नसावा.

हल्ली पालिकेने मनावर घेतलंय. दादर आणि गिरगावला समुद्र बघायला सज्जे झाले, तेही पावसाचं पाणी सोडणाऱ्या पातमुखांवर. मुंबईत जागा निघते ती अशी. कोस्टल रोडवर गाड्या मार्च 2024 मध्ये धावू लागल्या, पायी चालणाऱ्यांचा विहारपथ ऑगस्ट 2025 मध्ये उघडला. माणसाला समुद्र गाडीपेक्षा दीड वर्ष उशिरा दिसला, एवढंच. तिथे पोचायला भुयारातून जावं लागतं. "अहो, समुद्रच ना? की मेट्रोला निघालोय?" बायकोने विचारलं. वर आलो आणि वाऱ्याने तिचा पदर माझ्या चष्म्यावर आणला. शेजारी एक आजीबाई चपला काढून, त्या नीट जोडीने ठेवून बसल्या होत्या. देवळात बसतात तशा. डब्यात चिवडा होता, आम्हालाही मिळाला.

आमच्या शिवडीलाही समुद्रावर रस्ता मिळाला, अटल सेतू, चांगला 21.8 किलोमीटर. पायी जायला अर्थातच बंदी. जानेवारी 2024 मध्ये तो उघडला तेव्हा लोक मध्येच गाड्या थांबवून कठड्याशी उभे राहिले आणि पोलिसांनी दंड केला. नियम बरोबरच आहे. पण मला ती सगळी माणसं शिवडीचीच वाटली.

बंदराची सगळी भिंत पाडा, असं मी म्हणत नाही. बंदर आहे, सुरक्षा आहे, समजतं. जिथे गोदामं ओस पडलीत, तिथे ती दोन-अडीच हातांवर आणा. बाकडी नकोत, कारंजी नकोत, सेल्फी पॉइंट तर नकोच. बसायचं कसं, ते आम्हाला येतं.