प्रेरणास्थान : फ्री डाउनलोड

जालन्यातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून सहसा कोणी सुटत नाही. मधोमध भाऊ, वर प्रेरणास्थान, खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. मंठ्याचा मेव्हणासुद्धा त्यात बसवतात. जागा मिळत नाही ती फक्त ज्याने ते डिझाइन केलं त्याला.

कारण फाईल ‘फ्री डाउनलोड’ची. झिप उघडली की आत कोरलची फाईल आणि सोबत लायसन्सची एक छोटी टेक्स्ट फाईल असते. दुसरी वाचायची नसते, असा धंद्याचा नियम. वाचली तर त्यात बहुधा साध्याच अटी दिसतील : खुशाल वापरा, बनवणाऱ्याचं नाव द्या, फाईल जशीच्या तशी विकू नका. कुठे ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असंही असतं. म्हणजे बारशाची पत्रिका घरी बनवून नातेवाइकांना पाठवा, हरकत नाही. दुकानात छापून शेकड्यावर पैसे घेतले की वैयक्तिक वापर संपला.

आपल्याकडे नाव द्यायची अट पाळतात, फक्त नाव दुकानाचं असतं, खाली मोबाईल नंबरसह. पुढे शेजारच्याने तेच डिझाइन उचललं, की हाच दुकानदार ‘आमची मेहनत चोरली’ म्हणून बाह्या सरसावतो.

कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. चित्रावर हक्क सांगायला नोंदणी लागत नाही. तो कलाकाराच्या हयातीत असतो आणि पुढे 60 वर्षं टिकतो. जाणूनबुजून भंग केला तर कलम 63 : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. गंमत म्हणजे वरातीत गाणी वाजवायला याच कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. पत्रिकेच्या डिझाइनला नाही. नवरदेवाच्या नाचाची सोय झाली, छापखान्याची राहिली.

काही मंडळी तर उदारपणाची हद्द करतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. छापा, पैसे कमवा, बदलही करा. नुसता फॉन्ट सुटा विकू नका, ही त्यातली मुख्य अट. तरीही पेन ड्राइव्हवर फॉन्ट भरून विकणारे महाभाग भेटतातच.

खरं तर जालन्याला हे शिकवायची गरज नसावी. बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या या गावाला 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा ठाऊक असतो. संरक्षित वाणाचं घरचं बियाणं शेतकऱ्याने राखावं, पेरावं, विकावंही. ब्रँडचं नाव लावून पिशवीत भरू नये. टेम्प्लेटचा करार यापेक्षा अवघड नाही. पण बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पावतीशी ताडून घेणारा माणूस फ्लेक्सच्या दुकानात म्हणतो, ‘नेटवरचं टाक कुठलं तरी, अर्ध्या तासात पाहिजे.’

बियाणं बोगस निघालं की आपण कृषी कार्यालयावर मोर्चा नेतो. मोर्चाच्या पुढे धरलेला फ्लेक्स कुठून उचललाय, ते तेवढं विचारायचं नाही.