यंत्रवैद्य नाना

नागेश्वराचे प्राचीन देवालय, संस्थानी अमदानीत बांधलेला झुलता पूल आणि कान्होजी जेधे, जिवा महाला व शंकराजी नारायण सचिव यांच्या समाध्या एवढा ऐवज ज्याच्या पदरी आहे, त्या भोर तालुक्यातील आंबवडे गावास आणखी एखाद्या भूषणाची वस्तुतः गरज नाही. तथापि महाराष्ट्रातील प्रत्येक स्वाभिमानी गावात असतो तसा एक यंत्रवैद्य तेथेही असणारच, आणि त्यास आपण सोयीसाठी नाना म्हणू. पाण्याच्या मोटरीपासून मोबाइलपर्यंत कोणत्याही यंत्राची कैफियत ऐकून फैसला देण्याची सनद पिढीजात आपल्याच घराण्याकडे चालत आली आहे, अशा मुद्रेने नाना वावरतात. त्यांचे शिक्षण कोठवर झाले हे कोणी विचारीत नाही. विचारणाऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ त्याच बैठकीत उघडले जाण्याचा धोका असतो.

नानांची आवड मात्र चोखंदळ आहे. कायमचे मेलेले यंत्र त्यांस रुचत नाही, आणि सुरळीत चालणाऱ्या यंत्राकडे तर ते तुच्छतेनेच पाहतात. त्यांचा खरा जीव जडतो तो मन मानेल तेव्हा चालणाऱ्या आणि मन मानेल तेव्हा अडून बसणाऱ्या यंत्रावर. म्हणूनच गुरुजींचा लॅपटॉप थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू होण्यास नकार देऊ लागला, काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असे फर्मान उमटू लागले, आणि दुपारी उन्हे वर आली की तोच लॅपटॉप काही घडलेच नाही अशा थाटात उघडू लागला, तेव्हा नानांच्या मुखावर जे तेज चढले ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही कोणी पाहिले नव्हते.

पहिल्या दिवशी नानांनी बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरले. दुसऱ्या खेपेस रॅम उपसून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरविले. मग विजेचा दाब कमी असल्याचे निदान झाले. ते फसताच कोणा भाच्याने धाडलेल्या व्हायरसवर संशय गेला. 'गुरुजी, आता फॉरमॅट मारल्याशिवाय गत्यंतर नाही,' असा निर्वाणीचा इशाराही देऊन झाला, पण दहावीच्या निकालाचे तक्ते आत असल्याने गुरुजींनी हात जोडले. अखेरीस नानांनी यंत्राच्या डाव्या अंगास एक हलकी थाप मारली, 'दाबा आता बटण' असा हुकूम सोडला, आणि लॅपटॉप सुरू झाला. जमलेल्या मंडळींत धन्यतेची लहर पसरली. तेव्हापासून ती थाप हाच अधिकृत उपचार ठरला.

यातली मेख पाहण्यासारखी आहे. लॅपटॉपच्या हार्डडिस्कमधील फिरती चकती जुनी झाली की गारठ्यात तिला वेग घेण्यास विलंब लागतो. बटण दाबताच यंत्राला जागे करणारी मूळ आज्ञावली, म्हणजे बायॉस, तिची ठराविक मुदतीपर्यंतच वाट पाहते आणि मुदत टळताच चकती हजर नसल्याचा दाखला देऊन मोकळी होते. दरम्यान चकती फिरून थोडी ऊबदार, थोडी सैल झालेली असते. दुसऱ्यांदा बटण दाबले की ती वेळेवर हजेरी लावते. सारांश, नानांच्या यच्चयावत उपचारांत गुणकारी भाग एकच होता, तो म्हणजे शेवटी पुन्हा बटण दाबणे. आणि थाप तर केवळ निरुपयोगी नव्हे, घातकच होती. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्डडिस्क आणली तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे टनभर, आणि मावणारी अक्षरे जेमतेम ५० लाख. त्या धुडाने नानांची थाप बहुधा पचविली असती. परंतु लॅपटॉपमधील अडीच इंची चकती सामान्यतः मिनिटास ५४०० फेरे घेते, आणि वाचन करणारे टोक तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. त्या अंतरावर नाना उपचार करीत होते.

शेवटी गुरुजी कोणासही न सांगता भोरच्या बाजारपेठेत गेले. दुकानातल्या पोरसवद्या कारागिराने थाप मारली नाही की खोडरबरही मागितले नाही. डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, जिला ती मंडळी 'स्मार्ट रिपोर्ट' म्हणतात, ती त्याने वाचली. त्यात धड वाचता न आलेल्या जागांची 'पेंडिंग' म्हणून एवढी मोठी यादी होती की एखाद्या दिवाणी न्यायालयासही संकोच वाटावा. 'सर, आधी डेटा काढून घेतो, डिस्क नंतर बघू. चेकडिस्क लावू नका, आहे तेवढीपण जाईल,' एवढेच तो बोलला. तक्ते सुखरूप निघाले, जुन्या डिस्कच्या जागी, आत काहीच न फिरणारी एसएसडी बसली. काम इतक्या निमूटपणे उरकले की पैसे देताना गुरुजींस आपण फसलो तर नाही ना, अशी शंका आली. आपल्याकडे गाजावाजाविना झालेल्या दुरुस्तीस मोल कमीच.

आता लॅपटॉप भर थंडीत पहाटेही झटकन उघडतो. नानांस ही वार्ता लागली तेव्हा ते आले, यंत्र त्यांनी उलटे-सुलटे करून पाहिले, डाव्या अंगास सवयीने एक थाप मारली, आणि पडदा उजळताच ओटीवर जमलेल्यांकडे वळून म्हणाले, 'पाहिलंत? उशिरा का होईना, औषध लागू पडलं.' गुरुजींनी मान डोलावली आणि आत चहा सांगितला.