हार्ड डिस्कच्या तुकडेबंदीची रीतसर पद्धती

प्रस्तुत मार्गदर्शन गोंदिया जिल्ह्यातील बिरसी आणि तिच्या पंचक्रोशीत अजून सेवेत असलेल्या त्या संगणकांसाठी आहे, ज्यांचे बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि विंडोज ९८ची दुसरी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. पैकी जिल्ह्याचा कारभार अजून चालू आहे, परंतु विंडोज ९८च काय, तिच्यानंतर आलेल्या विंडोज एक्सपीचाही सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी सोडून दिला. तेव्हापासून अशा यंत्रांची देखभाल ही मालकाची सहनशक्ती आणि ‘लाईन’ या दोनच आधारांवर चालते, आणि त्यांतील दुसरा आधार पावसाळ्यात गृहीत धरू नये, असा या विषयातील जाणकारांचा अभिप्राय आहे.

प्रथम सिद्धान्त. हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या आणि त्यांना न शिवता त्यांच्यावरून मागेपुढे सरकणारे ‘हेड’ यांची बंद डबी होय. चकतीवर मजकूर ठेवण्याच्या सर्वांत लहान घराला ‘सेक्टर’ म्हणतात, त्यात जुन्या डिस्कवर ५१२ बाइट मावतात, आणि अशा सेक्टरांचा एकत्र वाटप होणारा गठ्ठा म्हणजे ‘क्लस्टर’. नवी फाईल आली की विंडोज तिला मिळेल तिथे रिकामे क्लस्टर देते, एका जागी पुरेसे मिळाले नाहीत तर उरलेले दुसरीकडे, तिसरीकडे देते. या विखुरण्यालाच ‘फ्रॅगमेंटेशन’ हे नाव आहे. एका खातेदाराच्या चार बांध्या चार शिवारांत असाव्यात आणि रोवणीच्या दिवसांत त्याने एका धुऱ्यावरून उतरून दुसऱ्या धुऱ्याकडे चालत राहावे, तशी अशा फाईलमागे हेडची गत होते. हा त्रास मोजता येतो: हेडला जागेवर सरकायला सुमारे ९ आणि चकती फिरून नेमके सेक्टर खाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर हजार तुकड्यांच्या फाईलसाठी नुसत्या येण्याजाण्यातच १३ सेकंद जातात, आणि वाचनाला तर अजून सुरुवातच व्हायची असते.

जमिनीबाबत हा प्रश्न शासनाच्या ध्यानात फार पूर्वी आला होता आणि त्यासाठी १९४७ साली धारणजमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा झाला, जो लोकांच्या तोंडी ‘तुकडेबंदी कायदा’ म्हणून आहे. हार्ड डिस्कवरील ‘डीफ्रॅगमेंटेशन’ ही त्याच कायद्याची विनाहरकत अंमलबजावणी समजावी. फाईलींना भावकी नसते, त्यांचे वारस मुंबईला नसतात, मोजणीच्या वेळी कोणी खुंट उपटत नाही, आणि म्हणून जमिनीवर ज्या कामाला पिढ्या पुरल्या नाहीत ते डिस्कवर एका रात्रीत उरकते. मात्र ती रात्र अखंड विजेची हवी.

एकत्रीकरणापूर्वी मोजणी आणि मोजणीपूर्वी कागदपत्रांची नक्कल, हा क्रम अनुल्लंघ्य आहे. बिरसीच्या ज्या धावपट्टीचा इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सुरू होतो, तिच्यावर आज शिकाऊ वैमानिक उड्डाणापूर्वी तपासणीची यादी हातात धरून एकेक खटका पाहतात आणि मगच विमान हलवतात. त्याच धावपट्टीशेजारच्या गावातला संगणकधारक मात्र पोरांचे फोटो, बचत गटाचे हिशेब आणि सातबाऱ्यांच्या प्रती असलेल्या डिस्कवर थेट ‘दुरुस्त करा’ हे बटण दाबतो. दोघांच्या स्वभावांतील या फरकाची कारणमीमांसा येथे अप्रस्तुत आहे. नक्कल पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर करावी. त्याच डिस्कच्या डी भागावर केलेली नक्कल ही नक्कल नव्हे, कारण डबी एकच आहे आणि ती जाते तेव्हा सी आणि डी असा भेदभाव करत नाही.

आता त्रुटी-तपासणी. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सी ड्राइव्हवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि तेथून ‘टूल्स’ या पानावर गेल्यास तपासणीचे बटण मिळते, ते दाबल्यावर दोन चौकटी दिसतात: पहिली फाईलींच्या नोंदवहीतील चुका सुधारते, दुसरी चकतीवरील खराब सेक्टर शोधते. पहिली चौकट म्हणजे दप्तर तपासणी आणि तिला मिनिटे लागतात. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष शिवारफेरी आणि तिला तास लागतात, जुन्या व भरलेल्या डिस्कवर तर सकाळ उजाडते. सी ड्राइव्हवर खुद्द विंडोजच राहत असल्यामुळे ती चालू असताना तपासणी होत नाही, पुढच्या वेळी संगणक सुरू होताना करू का असे विचारले जाते आणि होकार दिल्यावर पुढच्या सुरुवातीला निळ्या किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना येते की तपासणी टाळायची असल्यास १० सेकंदांत कोणतीही कळ दाबा. अनुभव असा की याच १० सेकंदांत घरातील कोणीतरी ‘अटकला वाटते’ असे म्हणून कळ दाबतोच. यावर कीबोर्डची वायर काढून ठेवणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे.

ज्यांना ही तपासणी आज्ञा टंकित करून करायची आहे त्यांनी सी, एच, के, डी, एस, के ही सहाच अक्षरे लिहावीत. स्वर घालून पूर्ण शब्द लिहिल्यास संगणक अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नसल्याचे कोरडेपणाने कळवतो.

दुसरी चौकटही निवडली असल्यास तपासणीचे टप्पे विंडोज ७वर पाच असतात. चौथ्या टप्प्यावर टक्केवारी एकाच आकड्यावर तासन्‌तास बसून राहते, आणि हा मार्गदर्शनातील सर्वांत कठीण भाग आहे, कारण येथे काहीही करायचे नसते. दुरुस्ती अर्ध्यात असताना मुख्य स्विच बंद करणे हे नोंदवही फाडण्यासारखे धोक्याचे आहे, आणि आकाशात ढग असताना, किंवा यूपीएसची बॅटरी केवळ टूं-टूं करण्यापुरतीच उरलेली असताना हे काम सुरूच करू नये. ज्या संगणकाला लाईन गेल्यामुळे वारंवार अवेळी मरण येते, त्याच्या डिस्कवर विंडोज ‘अस्वच्छ’ अशी खूण करून ठेवते आणि ती खूण असेपर्यंत प्रत्येक सुरुवातीला तपासणी मागत राहते. खूण पुसण्याचा मार्ग म्हणजे एकदा तपासणी शेवटपर्यंत होऊ देणे, जो सर्वांना माहीत असतो आणि क्वचितच कोणी पत्करतो.

तपासणीनंतर सी ड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाची एखादी लपलेली फोल्डर आढळली तर घाबरू नये. ज्या तुकड्यांचा मालक नोंदवहीत सापडला नाही त्यांना येथे क्रमांक देऊन ठेवलेले असते, आणि त्यांतील एखाद्याच्या नावाला योग्य शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लावून उघडल्यास हरवलेल्या लग्नपत्रिकेचा मजकूर, बहुधा अर्धा, हाती लागतो. खराब सेक्टर सापडले तर विंडोज त्यांवर खूण करून ते वापरातून काढते. पहिल्या तपासणीत थोडे आणि पुढच्यात तेवढेच निघाले तर डिस्क जुनी आहे. प्रत्येक वेळी वाढत गेले आणि डबीतून टक-टक आवाज येऊ लागला, तर तुकडेबंदीचा विचार सोडून नक्कल काढावी. दोष नेहमी डिस्कचाच असतो असेही नाही: सैल झालेली केबल, बिघडलेली रॅम, मे महिन्यातील ४५ अंशांचा पारा, आणि राइस मिलच्या परिसरातील कोंड्याने भरलेला कॅबिनेटचा पंखा यांपैकी कोणीही आपला गुन्हा डिस्कवर ढकलू शकतो. त्यातच मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असल्यास घड्याळ मागे पडते आणि तपासणीचा अहवाल संगणकाच्या जन्माआधीच्या तारखेचा निघतो.

एवढे निर्विघ्न पार पडल्यावर तुकडेबंदी. एक्सपीत त्याच ‘टूल्स’ पानावर असलेल्या तुकडेबंदीच्या साधनाला सी ड्राइव्हवर निदान १५ टक्के जागा मोकळी लागते, कारण पूर्ण भरलेल्या वावरात बांध्या हलवायला जागाच नसते. तेव्हा आधी कचरापेटी रिकामी करावी, आणि लग्नाच्या व्हिडिओच्या तीन प्रतींपैकी दोन ठेवाव्यात की एक, यावर घरात एकमत घडवावे. साधन सुरू झाल्यावर पडद्यावर पट्टा दिसतो: लाल म्हणजे तुकडे, निळे म्हणजे सलग, हिरवे म्हणजे जागचे न हलणारे आणि पांढरे म्हणजे मोकळे. विंडोज व्हिस्टाने हा पट्टा काढून टाकला. त्यामुळे संगणकाच्या वेगात काय फरक पडला हे वादग्रस्त असले तरी, शेजाऱ्यांनी येऊन बसण्याचे प्रमाण घटले, हे निर्विवाद आहे.

विंडोज ९८वर स्क्रीनसेव्हर किंवा अँटिव्हायरस मध्येच काही लिहू लागला की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई; त्यासाठी सेफ मोडमध्ये जाऊन सर्व उपद्रवी कार्यक्रम बंद करण्याची पद्धत आहे. विंडोज ७ने हे काम आपणहून बुधवारी रात्री १ वाजता करण्याचे ठरवले आहे, जेव्हा दुकानाचे शटर बंद आणि मुख्य स्विच खाली असतो. हुकलेली वेळ पुढे यंत्र रिकामे बसल्यावर भरून काढण्याची सोय आहे, परंतु जेथे संगणक एक आणि सॉलिटेअर खेळणारे चार असतात तेथे तो रिकामा बसत नाही.

शेवटी, डिस्क गेल्यास तिच्या जागी एसएसडी बसवतात, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर मजकूर ठेवणारी डिस्क. तिच्यात सरकणारे हेड नसल्याने तुकडे असले तरी त्रास जवळपास नाही, उलट वारंवार लिहिल्याने तिची झीज होते, म्हणून तिच्यावर तुकडेबंदी करू नये. विंडोज ७ही एसएसडी ओळखल्यास तिला बुधवारच्या वेळापत्रकातून वगळते. संगणक मिनिटभरात उघडू लागतो, आणि इतकी वर्षे रविवारी रात्री लाल पट्ट्याकडे पाहत बसलेला मालक तरीही एकदा ‘टूल्स’चे पान उघडून बटण जागेवर आहे ना, हे पाहून येतो.