इंग्लंडात एकट्याने ॲडमिट कसे व्हावे

आपल्याकडे माणूस आजारी पडला की निम्मे काम नातेवाईक करतात. डॉक्टरांशी बोलायला काका, डब्याला मावशी, रात्री पेशंटजवळ झोपायला चुलतभाऊ आणि घाबरायला आई. पेशंटने फक्त पडून राहायचे. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात ही सगळी खाती एकट्याला सांभाळावी लागतात, म्हणून हे मार्गदर्शन. (अपेंडिक्स गृहीत धरले आहे. इतर अवयववाल्यांनी योग्य तो फेरफार करून घ्यावा.)

आधी फॉर्म. जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागतील. साताऱ्याचा देऊ नये. मध्यरात्री तिथे फोन वाजून पलीकडून इंग्रजी ऐकू आले, तर तिकडे दुसरा पेशंट तयार होतो. फ्लॅटमेटचा द्यावा. त्याचे आडनाव आपल्याला माहीत नसते, ते मेसेज करून त्यालाच विचारावे. नात्याच्या रकान्यात ‘भाडे अर्धे-अर्धे’ लिहिता येत नाही, ‘मित्र’ लिहावे. बहुधा त्या दिवसापासून तो होतोही.

प्रत्येक गोळीआधी नाव आणि जन्मतारीख विचारतात. ज्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून घातला आहे, त्यांनी तोच सांगावा. आईच्या मते आपण आषाढातले, ही माहिती देण्याची ही जागा नव्हे.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे असतात. मराठी माणूस इथे हमखास गडबडतो. ‘तसं बरंय’ म्हणायची जन्माची सवय, त्यामुळे कण्हत कण्हत तीन सांगतो, आणि तीनला पॅरासिटामॉलवर बोळवण होते. दहाही सांगू नये. फोनवर क्रिकेट बघत दहा म्हणणाऱ्याकडे नर्स ज्या नजरेने पाहते, ती टाक्यांपेक्षा जास्त झोंबते. सात म्हणावे. खरे तर हा आकडा आपला आपण ठरवायचा, हेच अवघड. घरी तो आई चेहऱ्यावरून ठरवत असे.

पोटाच्या चौकशीला मात्र लाजू नये. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडून १९९७ साली तक्ता प्रसिद्ध केला. त्यातला तिसरा आणि चौथा उत्तम. ज्याच्या घरी आजोबा हा विषय सकाळच्या चहाबरोबरच घेत, त्याला ही परीक्षा सोपी जाते. ऑपरेशननंतर वारा सरला का, हेही अत्यंत गांभीर्याने विचारतात. सरला असल्यास विनय बाजूला ठेवून सांगावे.

जेवणात सालीसकट भाजलेला बटाटा येतो. उपवासाला चालेल असे वाटेपर्यंत त्यावर गोडसर बीन्स ओततात.

रात्रपाळीची नर्स पुष्कळदा केरळची निघते. तिच्याशी उगाच हिंदीत सुरू होऊ नये, तिचे इंग्रजी आपल्यापेक्षा स्वच्छ असते. पण अख्ख्या वॉर्डात आपले आडनाव नीट उच्चारणारी ती एकटीच. ते ऐकून डोळ्यांत पाणी आलेच, तर दुखणे आठ सांगावे.

आता मुख्य विषय : घरचा व्हिडिओ कॉल. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, म्हणून दुपारी दोनची वेळ धरावी. तिकडे साडेसहा, आईचे अर्धे लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे. सलाइनचा हात चौकटीबाहेर ठेवावा. गाऊनवर स्वेटर चढवावा. मागचा निळा पडदा दिसलाच, तर ‘नवीन लावलाय’ म्हणावे. यंत्र वाजले तर मायक्रोवेव्ह. शेजारच्या खाटेवरचे आजोबा ओरडले तर टीव्ही. ‘आवाज का असा येतोय?’ याला ‘नेटवर्क’ हे सर्वमान्य उत्तर आहे. हसू नये, टाके ओढतात.

घरी सोडतो असे सकाळी सांगतात आणि बरोबर न्यायच्या औषधांची पिशवी संध्याकाळी येते. तोवर कपडे घालून खाटेवर बसून राहावे. बिल मागायला काउंटर शोधू नये, तो नसतो. ५ जुलै १९४८ पासून तिथे उपचारांचे पैसे खाटेपाशी मागत नाहीत. आपल्यासारख्यांकडून ते व्हिसाबरोबरच आगाऊ घेतलेले असतात, २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. काकांना यातले काहीच पटत नाही. फुकट ऑपरेशन म्हणजे नीट केलेले नसणार, असे त्यांचे मत असते.

काकांपर्यंत ही बातमी पोचणार म्हणजे घरी सांगणे आलेच. टाके सुकल्यावर, रविवार पाहून सांगावे. आई आधी रडेल, मग रागावेल, आणि रागाच्या भरात बोलून जाईल की बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मार्चमध्येच झाले. त्या दिवसांत बाबा फोनवर काळा चष्मा लावून बसले होते आणि ‘ऊन फार आहे’ म्हणाले होते, रात्री साडेआठला. आता आपल्यालाही रागवायचा अधिकार उरलेला नसतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख तेवढी तिथल्या तिथे विचारून घ्यावी, नंतर कोणी सांगत नाही.