लष्कराच्या भाकऱ्या, दीडशे अक्षरांत

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा पुण्याच्या पश्चिम भागात समाजसेवेचा हंगाम असतो. एरवी पाण्याचा पेला जागेवर ठेवायला ज्यांना तीनदा सांगावे लागते, अशी कोथरूड-बाणेरकडची सोळा-सतरा वर्षांची मुले या काळात एकाएकी ‘संस्थापक-अध्यक्ष’ होतात. कोणाची संस्था झाडांसाठी, कोणाची भटक्या कुत्र्यांसाठी, कोणाची ज्येष्ठांच्या एकटेपणासाठी. प्रत्येक संस्थेला बोधचिन्ह असते, इन्स्टाग्रामवर पान असते आणि खजिनदार म्हणून आई असते. मार्चअखेर अमेरिकेतून प्रवेशाची पत्रे आली की यातल्या बहुतेक संस्था शांतपणे समाधी घेतात. झाडे तेवढी उरतात. तीही महापालिकेने लावलेली.

या सगळ्याच्या मुळाशी ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा अर्ज आहे. हजाराहून अधिक कॉलेजांना तो एकच चालतो आणि दरवर्षी १ ऑगस्टला उघडतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी १० रकाने असतात. प्रत्येक रकान्यात आपले पद ५० अक्षरांत, काम १५० अक्षरांत, शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे हा हिशेब. आपल्याकडे ही भानगड नाही. मुलाने सीईटी द्यावी, पर्सेंटाइल आणावा. त्याने शेजाऱ्याचा सिलिंडर उचलून दिला की शेजाऱ्यालाच उचलून आपटले, याच्याशी कॅप राउंडला काही देणेघेणे नसते.

मी लिहितो हे ठाऊक असल्याने सोसायटीतल्या एका गृहस्थांनी चिरंजीवांबरोबर मलाही काउन्सेलर मॅडमकडे नेले. चिरंजीव सरळ मुलगा. त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलाला तो दोन वर्षे जिन्यात बसून अपूर्णांक शिकवत होता. कोणी सांगितले नव्हते. मावशींचे काम होईपर्यंत पोरगा जिन्यात बसायचा, म्हणून हाही जाऊन बसायचा, एवढेच.

“संस्थेचं नाव?” मॅडमनी विचारले.

“संस्था नाहीये, मॅम. जिना आहे.”

“किती मुलांपर्यंत पोचलास?”

“एक.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर रिपोर्ट पाहून नातेवाइकांकडे वळतात, तशा त्या वडिलांकडे वळल्या. “एक चालणार नाही. ‘वंचित बालकांसाठी गणित अभियान’ असं करू. अजून चार-पाच मुलं बसवा जिन्यात, फोटोपुरती. आणि मावशी थोड्या जास्त गरीब दिसल्या तर बरं.”

वडील वहीत लिहून घेत होते.

मग तासांचा प्रश्न आला आणि घरी बैठक बसली. मराठी घरात मदतीचे तास कोणी मोजत नाही. मोजले तर ती मदत न राहता उपकार होतो आणि पुढे लग्नात आहेराच्या वेळी निघतो. पण आता मोजणे भाग होते. आई म्हणाली, “दळण आणतो त्याचेही धर.” वडील म्हणाले, “वर्गणीला फिरला होता की, ‘निधी उभारणी प्रमुख’ लिही.” पालखीच्या दिवशी केळी वाटली होती, ते ‘आपत्कालीन अन्नवितरण’ झाले. विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा केले होते, ते ‘नदी परिसंस्था संवर्धन’. एका रविवारी मोटारीच्या आरशाला लटकलेली मांजर सोडवली होती, ती मात्र ५० अक्षरांच्या पदात बसेना. शेवटी बेरीज झाली तेव्हा मुलगा आठवड्यातून साधारण नऊ दिवस समाजसेवा करत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे प्रकरण याहून नाजूक. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. हल्ली हा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, फक्त योग्य क्षणी डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आजी मोबाइलसमोर डोळे वटारून बसतात, कारण फोटो काढताना डोळे मिटायचे नाहीत हे त्यांना लहानपणापासून शिकवले आहे. हा मुलगा दरवर्षी त्यांच्याशेजारी बसून “आजी, आता मिटा” असे न वैतागता सांगतो आणि पेन्शन चालू राहते. मॅडमनी याचे ‘ज्येष्ठ नागरिकांचे डिजिटल सक्षमीकरण’ केले. यंदा अडचण एवढीच, की अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते. त्यामुळे सक्षमीकरणाविषयी लिहिण्याच्या गडबडीत आजींकडे जायला कोणाला सवड होईना.

वडिलांचा जीव मात्र प्रमाणपत्रांत अडकलेला. शिक्का नसलेली सेवा त्यांच्या मते झालेलीच नसते. त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटांची जाडजूड फाइल तयार केली आणि आजींच्याही सहीचे पत्र घेतले. मग कळले की उद्योगांच्या या यादीला प्रमाणपत्र जोडायला जागाच नाही. तुम्ही लिहायचे, शेवटी ‘हे सर्व खरे आहे’ असे सही करून सांगायचे आणि समोरच्याने विश्वास ठेवायचा. हा धक्का त्यांना अजून पचलेला नाही. ज्या देशात शिक्का लागत नाही तिथे मुलाला पाठवावे का, असा मूलभूत विचार त्यांच्या मनात दोन दिवस घोळत होता.

विश्वासाचे काय होते, हे अमेरिकेनेही पाहिले आहे. २०१९ साली तिथे प्रवेशांचा मोठा घोटाळा उघडकीस आला. लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत बापाने वॉटर पोलोचा चेंडू आणि टोपी विकत आणली, मुलाला घरच्या तलावात उतरवून फोटो काढले आणि ते कारागिराकडून सजवून घेतले. मुलाला त्या खेळातला खेळाडू म्हणून कॉलेजात घुसवायचे होते. बापाला चार महिने तुरुंगात काढावे लागले. अशा सगळ्या पालकांचा मध्यस्थ रिक सिंगर. त्याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. लाच घेण्यासाठी त्याने काय काढले होते? धर्मादाय संस्था. संस्थापक-अध्यक्ष तोच.

आपण त्या मानाने किरकोळ. आपण फक्त जिन्याचे अभियान करतो. पण गंमत अशी की, ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांना तो नकोच आहे. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ मध्ये एक अहवाल निघाला. त्याचा सूर असा, की परदेशात जाऊन केलेल्या झगमगीत सेवेपेक्षा मुलगा आपल्या माणसांसाठी सातत्याने काय करतो ते पाहा. घरची जबाबदारीही त्यात धरा. कॉमन अ‍ॅपमध्ये उद्योगाचा प्रकार निवडायची जी यादी आहे, तीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा पर्याय आहेच. धाकट्या भावाला सांभाळणे आणि आजोबांची औषधे तिथे राजरोस बसतात. पण तो पर्याय निवडायला आपले पालक धजत नाहीत. घरकाम केले म्हणून अमेरिका कशी बोलावेल? घरकामाला तर आपण मावशी ठेवतो.

चिरंजीवांनी अखेर मॅडमचा मसुदा बाजूला सारला आणि स्वतः लिहिले: एका मुलाला दोन वर्षे जिन्यात गणित शिकवले, आता त्याला अपूर्णांकांची बेरीज येते, भागाकार अजून कच्चा आहे. दीडशेच्या आत बसले. पदाच्या रकान्यात त्याने ‘शिकवणारा’ एवढेच टाकले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, लेखक म्हणून मला यात बदलण्यासारखे काही दिसत नाही. मॅडमनी फी परत केली नाही.

यादीत अजून पाच रकाने रिकामे आहेत आणि आई ते पाहून रात्री झोपत नाही. म्हणून यंदा ज्यांच्या घरी हा अर्ज आहे त्यांना एवढेच सांगणे: दहा ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. तसे अर्जावरच छापलेले असते, एकदा चष्मा लावून वाचावे.