तिला पिऊ द्या

समुद्रात बुडालेल्या होडीबद्दल लोकांच्या मनात आदर असतो. आमची होडी माडाखाली सापडली. त्यामुळे जी काही सहानुभूती मिळाली ती हसू दाबूनच मिळाली.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढायच्या आणि झावळ्यांनी शाकारायच्या, असा इथला रिवाज. आमची होडी मासेमारीची नव्हे. आजोबा तिच्यातून खाडीपलीकडे नारळ-सुपारी पोचवायचे. बावीस फुटी, सागाची, एका तिरक्या शिडाची. आजोबा गेल्यावर तिला काम असं उरलं नाही, पण पावसाळ्यात माहेरपणाला आल्यासारखी ती परसात येऊन बसायची.

३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. ताशी शंभरावर किलोमीटरचा वारा. गावातल्या सुपारीच्या बागा बघता बघता आडव्या झाल्या, आमची निम्मी कौलं शेजाऱ्यांकडे गेली आणि त्यांचे पत्रे आमच्याकडे आले. त्यातच आजोबांनी लावलेला माड आजोबांनीच बांधून घेतलेल्या होडीवर पडला. एकाच माणसाच्या दोन लाडक्यांनी त्याच्या माघारी हमरीतुमरीवर यावं, तसं ते दृश्य होतं.

पंचनाम्याला आलेल्या तरुणाने सगळ्यात आधी विचारलं, "इंजिन कुठंय?" इंजिन नाहीच म्हटल्यावर त्याने एकदा होडीकडे आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. त्याच्या तक्त्यात नुकसान 'अंशतः' किंवा 'पूर्णतः' असं दोनच प्रकारचं होतं. 'हौस' असा रकाना नव्हता. त्याचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

मेस्त्री आले ते थेट दिवाळीनंतर. टाळेबंदी, मग घरांची छपरं, मग शाळेची बाकं, अशी त्यांच्याकडे रांग होती. आल्या आल्या ते होडीखाली उताणे झोपले. मला वाटलं, दमले असतील. ते दोरी ताणून पठाण बघत होते. होडीच्या तळाचं ते लांबलचक लाकूड म्हणजे तिचा कणा. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "कणा सरल हाय. बाकी काय, दोन म्हयन्यांचं काम."

मेस्त्रींचे दोन महिने आणि आपले दोन महिने यांची पंचांगं वेगळी असतात, हे मला नंतर कळलं.

चार वाक मोडले होते. वाक म्हणजे होडीच्या फासळ्या. मला वाटायचं, सरळ फळी घ्यायची आणि कापून वाकडी करायची. मेस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुढचे दोन दिवस काही विचारलं नाही. वाकाला लाकूड मुळात वाकडं वाढलेलंच लागतं. सरळ लाकडातून वाकडा तुकडा कापला तर त्याचे रेषे मध्येच तुटतात आणि पहिल्याच लाटेला ते दगा देतं. मग आम्ही वाकडी झाडं शोधत फिरलो. स्थळं बघायला निघाल्यासारखे. वादळाने पाडलेली झाडं वाडीवाडीत पडलेलीच होती. मेस्त्री कुणाच्याही परसात शिरत, पडक्या फणसाला थोपटत आणि नाक मुरडून बाहेर येत. शेवटी एका उंडीच्या फांदीवर त्यांचा जीव जडला. आयुष्यभर जिला सगळे वेडीवाकडी म्हणत आले, ती फांदी आमच्या होडीत अशी चपखल बसली की जणू तिच्यासाठीच वाढली होती. इतकं चांगलं वाकडेपण मी माणसांत फार कमी पाहिलंय.

दोन फळ्यांमधल्या फटी बुजवायला तेलात भिजवलेला कापूस ठोकतात आणि वरून राळ भरतात. कापसाचे पेळू वळायचं काम माझ्याकडे आलं. दुपारपर्यंत मी जे वळलं त्याला मेस्त्रींनी "उशी भरायला चालंल" असा शेरा दिला. मग आई येऊन बसली. पन्नास वर्षं रोज देवाच्या वाती वळणाऱ्या हाताने तिने तासाभरात हातभर लांबीचे, सुतासारखे सारखे पेळू वळून दिले. होडीत कधीही न बसलेली माझी आई त्या दिवशी मेस्त्रींचा उजवा हात झाली आणि मी चहाच्या खात्यावर गेलो. कापूस नीट बसला की हातोडीचा आवाज बदलतो. आधी भद्द येतो, मग टणक होतो. मेस्त्री दोन्ही गुडघ्यांवर बसून, मान कलती करून तो ऐकत. गाण्याच्या बैठकीत जाणकार ऐकतात तसे.

शिडाची गोष्ट वेगळीच. जुनं शीड उंदरांनी केव्हाच खाल्लं होतं. जाड मांजरपाट आणला आणि गावातल्या टेलरकाकांकडे दिला. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवलेला माणूस. त्यांनी टेप गळ्यात टाकून विचारलं, "पोट किती ठेवू?" मला वाटलं, चेष्टा करतायत. पण मेस्त्री गंभीरपणे म्हणाले, "बरंच ठेवा." सपाट शीड वारा धरत नाही. त्याला पोट लागतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांची पोटं झाकत आलेल्या काकांना पहिल्यांदाच कुणी पोट वाढवून मागितलं होतं. त्यांनी ते मनापासून वाढवलं.

मुंबईचा चुलतभाऊ अधूनमधून फोन करून हिशेब सांगायचा: "एवढ्यात फायबरची आली असती, इंजिनासकट." खरंच आली असती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुढे २०२५ साली अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं चित्र समोर ठेवून काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज आपल्या नौदलात दाखल झालं, तेव्हा मी त्याला बातमीचं कात्रण पाठवलं. त्याने फक्त अंगठा पाठवला. कसला, ते कळलं नाही.

मे २०२१ मध्ये, राळेचा शेवटचा हात बाकी असताना, 'तौक्ते' निघालं. हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल. आपण पालीला केरसुणीने हाकलतो. आम्ही मात्र घरात होते नव्हते तेवढे दोर काढले, कपडे वाळत घालायचेसुद्धा, आणि होडी चारी बाजूंनी बांधली. पाल बाहेरूनच गेली. होडीला काही झालं नाही. कपडे आठवडाभर खुर्च्यांवर वाळले.

नारळी पौर्णिमा २२ ऑगस्टला होती. होडी पाण्यात घालायला हा मुहूर्त शास्त्रापेक्षा सोयीने ठरलेला असावा, असं माझं मत आहे. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वरपर्यंत येतं, कमी ढकलावं लागतं. भरतीची वेळ काढायचा इथला हिशेब सोपा: तिथीला पाऊणपट करायचं. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. आम्ही अकराला तयार होतो. फायबरवाल्या भावाची गाडी माणगावला अडकली होती. त्याच्याशिवाय नारळ वाढवायचा नाही, असं आईचं म्हणणं. तो पोचला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते आणि समुद्र परतीला लागला होता. मग कसला नारळ आणि कसले फोटो! होडीखाली घातलेले ओंडके त्याच पडलेल्या माडाचे होते. मेस्त्रींनी ते इतके दिवस पडवीत जपून ठेवले होते. वीस माणसांनी हाळी देत ढकललं आणि जिच्यावर तो कोसळला होता तिला माडाने पाठीवरून पाण्यापर्यंत नेलं.

होडी तरंगली. टाळ्या झाल्या. पंधराव्या मिनिटाला तिच्यात घोटाभर पाणी होतं.

माझा चेहरा बघून मेस्त्री बिडी पेटवत म्हणाले, "तिला पिऊ द्या." चवदा महिने कोरडी पडलेली होडी आधी पाणी पिते. लाकूड फुगतं, मग फळीला फळी भिडते आणि फटी आपोआप मिटतात. तीन दिवस ती किनाऱ्यालगत अर्धी बुडून बसली होती. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "बुडाली काय?" आई प्रत्येकाला सांगायची, "नाही, पितेय." गावात याचा अर्थ भलताच लागला.

चौथ्या दिवशी पाणी उपसलं. पुन्हा आलं नाही. म्हणजे फारसं आलं नाही.

आता वारा बरा असेल तेव्हा आम्ही खाडीपलीकडे जातो, चहा पितो आणि परत येतो. वारा नसेल तर चहा दोनदा होतो. तुम्हीही या. होडीत चौघांना जागा आहे. पाणी उपसायचा डबा मात्र एकच आहे, तेव्हा येताना आपला घेऊन या.