दोन केव्हीएचा गारवा

येरवड्यात गुरुवारी लाईट गेली की कंपाऊंडपलीकडून काकू विचारतात, "तुमच्याकडेही नाही ना?" आपल्या एकट्यांचीच गेलेली नाही एवढं कळलं, की त्यांचा निम्मा उकाडा जातो. गेल्या गुरुवारी मात्र आधी भटभट ऐकू आली. मी मेथीची जुडी घेऊन भिंतीपाशी.

"जनरेटर आणलाय ह्यांनी. सेकंडहँड, दोन केव्हीएचा. इन्व्हर्टरवर पंखे फिरतात, पण एसीशिवाय दुपारी डोळा लागत नाही म्हणे. जन्मभर भट्टीपुढे ड्युटी केलेला माणूस!"

"मग, झालं का गार?"

"कसलं गार! टीव्ही चालला, फ्रीज चालला. एसी लावला, तर आधी नुसता पंखा. आम्ही दोघं वर बघत बसलोय. कॉम्प्रेसर उठला मात्र, आणि बाहेर जनरेटरनं असा आचका दिला! बल्ब लालसर झाला, मग सगळं गप्प. असं तीनदा."

शेवटी कोपऱ्यावरचा वायरमन आला. दीड टनाचा जुना एसी चालताना दीड-पावणेदोन किलोवॅट खातो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट करंट ओढतो. दोन केव्हीएत हाती येतात जेमतेम सोळाशे वॅट. पाच केव्हीएचा घ्या, नाहीतर इन्व्हर्टर एसी घ्या, तो बेतानं उठतो, असं त्यानं सांगितलं.

"म्हणजे जनरेटर वाया जाऊ नये म्हणून आता एसी घ्यायचा!" काकूंनी कपाळावर हात मारला.

पण वायरमन खरा भडकला तो पुढे. काकांनी जनरेटरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटात खुपसली होती. "मेन खाली केलाय की," काका म्हणाले. "आणि एखाद्या गुरुवारी विसरलात तर? वीज उलटी खांबावर जाते, तिथे आमच्यातलाच कुणीतरी चढलेला असतो. चेंजओव्हर बसवा आधी." शिवाय आवाज शेजारी जाऊ नये म्हणून जनरेटर मागच्या बंद पडवीत. त्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो. आमच्या कानांची काळजी घेता घेता काका-काकू झोपेतच गेले असते, हे ऐकून मेथी माझ्या हातातच राहिली.

काका हार मानणारे नव्हेत. भिंतीवरून मलाच ऐकवलं, "2006 साली पुण्याचं लोडशेडिंग कशानं टळलं? कारखान्यांच्या जनरेटरांनी!" खरंय ते. पण त्याचा जादा आकार तीनशे युनिटांवर जाणाऱ्यांच्या बिलात लागला होता, आणि तेव्हा सर्वांत मोठ्यानं काकाच ओरडले होते. इथे तर तासाला लिटरभर पेट्रोल, म्हणजे शंभराची नोट.

तर कुणाला दोन केव्हीएचा, तीनदाच आचके दिलेला जनरेटर हवा असेल, तर काकूंना विचारा. काका घरी नसताना या.